व्हॅनला ट्रेलर जोडताना: बंपर मजबूत करावा की चासीवर हिच बसवावी?

व्हॅनमागे ट्रेलर जोडू पाहणाऱ्यांपुढे बहुधा हाच पेच असतो: आहे त्या बंपरला आतून जाड पट्टी वेल्ड करून त्यावर हिचचा (ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीचा) गोळा बसवावा, की चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्टने पकडणारी स्वतंत्र हिच घ्यावी?

खर्च आणि खटाटोप पाहिला तर बंपरचे काम उघडच स्वस्त आणि लवकर होणारे आहे.

ताकदीचा मुद्दा मात्र नीट तपासायला हवा. ट्रेलर नुसता मागे ओढत नाही. त्याच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर खाली दाबतो, म्हणजे ५०० किलोच्या ट्रेलरचे ५० ते ७५ किलो. गोळा बाहेर आलेला असल्याने प्रत्येक खड्ड्यात बंपर पिळला जातो. पट्टी कितीही जाड लावली, तरी हा पीळ शेवटी बंपरच्या ब्रॅकेटांवर येतो आणि भेग बोल्टच्या छिद्राच्या कडेला पडते. ती चिखलाखाली सहज दिसतही नाही. चासीवरची हिच हा भार चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर वाटून देते, म्हणून मला तीच विश्वासार्ह वाटते.

टिकाऊपणातही वेल्डिंग मागे पडते, कारण सांध्याच्या आतल्या बाजूला रंग पोहोचत नाही आणि गंज तिथूनच धरतो. बोल्ट निदान पुन्हा आवळता येतात, बदलता येतात.

पायरी किंवा किरकोळ धक्के एवढ्यासाठीच मजबुती हवी असेल, तर पट्टी लावलेला बंपर पुरेसा आहे. ट्रेलर ओढायचा असेल, मग तो क्वचित का असेना, चासीवरचीच हिच घ्यावी, आणि वाहन-उत्पादकाने दिलेली ओढण्याची मर्यादा तरीही ओलांडू नये.