गालिचा घेताना तो उलटून बघा : फोंड्यातील दहा महिन्यांचा अनुभव

जानेवारीत घेतलेल्या ६ बाय ९ फुटांच्या लोकरी गालिच्याबद्दल मी मुद्दाम आजवर काही लिहिले नव्हते, कारण गोव्यात एक पावसाळा पार पडल्याशिवाय अशा वस्तूविषयी मत देऊ नये, असे मला वाटते. आता ऑक्टोबर संपत आला आहे. रंग, नक्षी आणि मऊपणा यांविषयी माझी काहीच तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते गालिच्याच्या पाठीविषयी.

आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे, खालच्या खोल्यांना जुना लाल सिमेंटचा कोबा आणि वर माडी. आईचे वय ७८. थंडीच्या दिवसांत पहाटे पलंगावरून उतरताना तिला कोब्याचा गारवा सोसत नाही, म्हणून गालिचा घ्यायचे ठरले. पणजीच्या एका दुकानात १४,५०० रुपये मोजून हँड-टफ्टेड प्रकारचा गालिचा घेतला. विक्रेत्याने तासभर तीसेक गालिचे पसरून दाखवले, पण त्यांतला एकही उलटा करून दाखवला नाही आणि मीही तसे सांगितले नाही. माझी खरी चूक तीच झाली.

या प्रकारात ताणून बसवलेल्या कापडात हातयंत्राने लोकरीचे धागे घुसवतात, ते निसटू नयेत म्हणून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरासारख्या चिकट द्रवाचा, थर देतात आणि तो थर झाकण्यासाठी वर सुती कापड चिकटवतात. पुढून दिसते ती लोकर. गालिच्याचे आयुष्य मात्र त्या झाकलेल्या लॅटेक्सवर आणि कापडावर अवलंबून असते. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात असा थर नसतो. पुढची नक्षी मागेही जशीच्या तशी दिसते आणि प्रत्येक गाठ नखाने चाचपता येते. त्याच्या टोकाची झालर म्हणजे विणीतलेच ताण्याचे धागे असतात, तर टफ्टेडची झालर नंतर शिवलेली असते. हा फरक ओळखायला कोणत्याही जाणकाराची गरज नाही. कोपरा उचलला की तो दिसतो.

पहिले पाच महिने मी या गालिच्याची मनापासून स्तुती करत होतो. सुरुवातीला पुष्कळ लोकर सुटली, पण नव्या टफ्टेड गालिच्यात ते होतेच आणि मार्चपर्यंत तिचे प्रमाण खूप कमी झाले. एकदा हुमणाची, म्हणजे माशांच्या कालवणाची, वाटी कलंडली, तेव्हा न घासता सुती फडक्याने टिपून घेतले आणि गार पाण्यात सौम्य साबण घालून पुसले. तेलाचा अंशही उरला नाही. हळदीचा पिवळेपणा राहिला, तोही खिडकीतल्या उन्हाने पंधरवड्यात फिका झाला. खाण्याचा सोडा मात्र कटाक्षाने टाळला, कारण लोकरीला क्षार सोसत नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, "अरे, ह्याला ओल्या गोणपाटाचा वास येतो." मी वरून हात फिरवून पाहिला, तर गालिचा कोरडा लागला, आणि मी तिचे म्हणणे मनावर घेतले नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, हे मला नंतर कळले. चार दिवसांनी पलंगाच्या पायाजवळचा कोपरा उचलला, तेव्हा मागच्या सुती कापडावर रुपयाएवढे करडे-हिरवट ठिपके होते, कापड एका बाजूने सुटले होते आणि त्याखालचा लॅटेक्सचा थर बोटाला चिकट लागत होता. कोपरा तर इतका वर वळला होता की आईचा पाय त्यात अडकला असता. त्या विचारानेच मला रात्री झोप लागली नाही.

दुकानात फोन केला. उत्तर मिळाले, "साहेब, दोन दिवस कडक उन्हात घाला." जुलैत, फोंड्यात! ज्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथेच दुकान चालवणाऱ्या माणसाने असे सांगावे, याचा मला मनस्वी संताप आला. तीन वेळा खेटे घातल्यावर नवे कापड लावून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण त्याचे २,८०० रुपये मागितले. मी नकार दिला, आणि त्या दिवशी हे लिहिले असते तर मजकूर फार कडू झाला असता.

पुढे माझे मत बदलले ते आमच्या गवंड्यामुळे. त्याने दीड फूट औरसचौरस प्लास्टिकचा कागद कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायला सांगितला. सकाळी पाहिले, तर कागदाच्या खालच्या अंगाला दवासारखे थेंब धरले होते आणि तेवढा कोबा गडद लाल झाला होता. ओल हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येत होती. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नाही आणि मी त्यावर लोकर, लॅटेक्स व सुती कापड यांचे झाकण घालून ठेवले होते. तिथे कितीही महागडा गालिचा घातला असता तरी त्याची हीच गत झाली असती.

म्हणून गालिच्याला दिलेला दोष मी मागे घेतो. दुकानदाराला दिलेला दोष मात्र पूर्णपणे मागे घेत नाही. घर तळमजल्यावर आहे की वर, खाली कोबा आहे की टाइल, हे दोन प्रश्न विचारायला त्याला अर्धे मिनिटही लागले नसते. आमच्यासारख्या खोलीसाठी त्याने पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचा, लॅटेक्स नसलेला सपाट विणीचा तुकडा सुचवायला हवा होता. हा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही आणि लवकर वाळतो. तेलाचा डाग त्यावरून सहज जात नाही, हे खरे. पण ओल असलेल्या जमिनीवर ती उणीव परवडते.

चतुर्थीच्या आधी मी गालिचा माडीवर नेला, पाठ वर करून दोन खुर्च्यांवर पसरला आणि सहा दिवस पंखा चालू ठेवला. वास गेला, ठिपके ब्रशने झाडल्यावर फिके झाले. सुटलेले कापड अखेर २,८०० रुपये देऊनच लावून घेतले. पैसे देताना जिवावर आले, पण काम नीट झाले आहे. माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर तो आता उत्तम बसला आहे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा डाळिंबी रंग जानेवारीत दुकानात दिसला होता त्याहून खुलून दिसतो. पुढच्या मे महिन्यात तो गुंडाळून सुती चादरीत बांधून ठेवायचा, प्लास्टिकमध्ये मुळीच नाही, हे ठरले आहे.

आईच्या पलंगाजवळ १,१०० रुपयांचा ३ बाय ५ फुटांचा सपाट पॉलिप्रोपिलीनचा तुकडा आहे. तो लोकरीइतका मऊ नाही, हे आईने मला दोनदा ऐकवले आहे. दर रविवारी तो उचलून मी खालचा कोबा पुसतो आणि तास-दीड तास उघडा ठेवतो.