तांबी काढून आठ महिने झाले, माझा अनुभव

मुलगी दीड महिन्याची असताना बसवलेली तांबी मी साडेचार वर्षांनी काढली. बसवताना आशाताईंपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी नीट माहिती दिली होती. काढल्यावर काय होतं, हे मात्र कोणी धड सांगितलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझी कॉपर-टी 380 ए होती, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते ती, दहा वर्षं चालणारी. दिवस जाऊ नयेत हे काम तिने चोख केलं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. त्रास होता तो पाळीचा. पूर्वी चार दिवसांत आटोपणारी पाळी आठ दिवसांवर गेली आणि दुसऱ्या दिवशी तर दर दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं. तांब्यामुळे अंगावरून जास्त जाऊ शकतं हे माहीत होतं, बहुतेकींचं काही महिन्यांत कमी होतं हेही. माझं झालं नाही. हिमोग्लोबिन 9.1 आल्यावर मी काढायचं ठरवलं.

काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "जोरात खोका," आणि मी खोकले तेवढ्यात त्यांनी चिमट्याने दोरा ओढला. ओटीपोटात एक कळ आली आणि संपलं. मी मुद्दाम बघायला मागितली. ट्रेमध्ये माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी, पांढऱ्या प्लास्टिकची टी होती. दांड्याला गुंडाळलेली तार काळपट पडलेली, खाली दोन बारीक दोरे. सासूबाई नेहमी म्हणायच्या, ती वर चढून काळजापर्यंत जाते. गर्भाशयातून थेट काळजापर्यंत वाटच नाही, ती तिथे जाणार कशी! क्वचित जागेवरून सरकते किंवा दोरा हाताला लागत नाही, मग सोनोग्राफी करून बघतात.

त्या दिवशी थोडं पोट दुखलं, दोन दिवस डाग पडले, बस. ताप, घाण वासाचा स्राव, पोटात न थांबणारी कळ किंवा तासाला एक पॅड भिजत असेल तर वाट न बघता दवाखान्यात जायचं, हे तेवढं लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मी शनिवारी तांबी काढली आणि गुरुवारी आमचा संबंध आला होता. दवाखान्यात मला कोणीही हे विचारलं नाही. चार दिवसांनी आशाताई घरी आल्या, त्यांनी विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तांबी आत असते तोवर तांबं त्यांना निकामी करतं, ती निघाली की ते संरक्षण त्याच क्षणी संपतं. म्हणून लगेच मूल नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. चुकून राहिलंच तर काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, त्या तारीख पुढे ढकलतात किंवा दुसरा उपाय सुचवतात. एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? माझे पुढचे तीन आठवडे अक्षरशः जीव मुठीत धरून गेले. पाळी पाच दिवस उशिरा आली तेव्हा मी रडले.

सासूबाईंच्या वेळी लूप होता, तांबीसारखंच आत बसवायचं जुनं साधन. त्यांचं म्हणणं, काढल्यावर सहा महिने तरी काही राहत नाही, अंगातली उष्णता आधी उतरावी लागते. तसं काही नसतं. माझ्या मावसबहिणीला पुढच्याच महिन्यात दिवस गेले. पुढचा उपाय आधी ठरवूनच तांबी काढायला जा. अंतरा इंजेक्शन असतं दर तीन महिन्यांनी, छाया गोळी असते पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. आम्ही निरोधवर थांबलो, कारण दुसरं मूल हवं होतं, फक्त आधी माझं रक्त भरून यायला हवं होतं.

पाळी एकदम सुधारत नाही. पहिली होती तशीच गेली, मी निराश झाले. दुसरी जरा कमी. तिसऱ्या महिन्यापासून मात्र पाच दिवस, आणि दिवसाला तीन पॅड पुरतात. जाऊबाईंची हार्मोनची तांबी होती, त्यांचं उलट झालं. ती असताना पाळी जवळपास बंद होती आणि काढल्यावर परत सुरू व्हायला दोन महिने लागले. दोघींचा अनुभव एक नाही, तेव्हा आपली कोणती आहे ते कार्डावर बघून घ्या.

लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्या, चहापासून दोन तास लांब ठेवून. सकाळचा चहा सोडणं मला तांबी काढण्यापेक्षा जड गेलं. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन 11.6 आलं. डॉक्टर मॅडमनी फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंय आणि या महिन्यात आम्ही निरोधचं पाकीट आणलेलं नाही.