रेशनचा पोषणयुक्त तांदूळ: भात ठीक, पण निवड कुणाची?

शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा 'बनवलेला': तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून काढलेला. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. हे दाणे जरा वेगळे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात. मग 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बाया ते वेचून टाकतात. म्हणजे सगळं मुसळ केरात! चोळचोळून धुवू नका, पेज ओतू नका. बेताच्या पाण्यात शिजवा. चवीत फरक जाणवत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार; त्यात जास्तीचं लोह बाधू शकतं. या रुग्णांसाठीचा सक्तीचा इशारा २०२४ मध्ये पाकिटावरून काढला. गडचिरोली-नंदुरबारात सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. पण दुकानात साधा तांदूळ मागितला तर मिळत नसे.