टिळकवाडीत होमरची चित्रं फ्रेम करून घेतली, त्याचा रिव्ह्यू

विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार माहीत नसला तरी वाचा, कुठलंही चित्र प्रिंट करून भिंतीवर लावणार असाल तर उपयोगी पडेल. दुकान बेळगावच्या टिळकवाडीत आहे, बाहेरून पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम, आत मात्र मोठा प्रिंटर आणि मागच्या खोलीत फ्रेमचं काम. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे मोठे फोटो फुकट दिलेत, तिथूनच डाउनलोड केले, म्हणजे खर्च फक्त प्रिंट आणि फ्रेमचा.

चित्रं मुद्दाम वेगवेगळ्या काळातली दिली. 'स्नॅप द व्हिप' १८७२ चं, अनवाणी पोरं शाळेसमोर हात धरून पळतायत, लख्ख ऊन, हे पहिल्याच झटक्यात मस्त आलं. होमर बोस्टनचा, लिथोग्राफीच्या (दगडावरून छपाईच्या) प्रेसमध्ये उमेदवारी केलेला, नंतर 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी अमेरिकन यादवीची चित्रं काढणारा, त्यामुळे आकृत्या एकदम ठसठशीत, ग्लॉसी पेपरवर पण खपून जातात.

लफडं झालं पुढच्यांत. १८८१-८२ मध्ये हा माणूस इंग्लंडमध्ये कलरकोट्स नावाच्या कोळ्यांच्या गावात जाऊन राहिला आणि चित्रच बदललं बगा. ऊन गेलं, करडं आभाळ आलं, आणि खेळणाऱ्या पोरांच्या जागी वाऱ्याला तोंड देत उभ्या राहिलेल्या भक्कम कोळिणी. 'इनसाइड द बार' (१८८३) हे त्यातलंच वॉटरकलर, त्यात कागदाचा पोत दिसला पाहिजे ना, आणि यांनी ते चकचकीत पेपरवर काढून पार रिसेप्शनच्या फोटोसारखं करून ठेवलं होतं. चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांच्या गावात, जिथे चित्रकार रवी परांजपे शिकले, तिथे हे असं! मी बोलल्यावर मालक म्हणाले, "तसं आधी सांगायचं की ओ सर, मॅटवर काढून देतो, पैसे नकोत." दिलं पण, आणि आता तेच चित्र सगळ्यात भारी दिसतंय.

'नॉर्थईस्टर'ला वेगळाच घोळ. हे १८९५ चं, तोवर होमर मेन राज्यात प्राउट्स नेकला समुद्राकाठी एकटा राहायचा. आधी त्या खडकावर दोन माणसं रंगवली होती, नंतर स्वतःच पुसून टाकली, राहिली ती नुसती लाट आणि खडक. मला विचाराल तर त्याचा सगळा प्रवास या एका पुसण्यात आहे. आणि दुकानातल्या पोराने ऑटो ब्राइटनेस मारून तो काळपट समुद्र मालवणच्या सहलीच्या पोस्टरसारखा निळाशार केला. दुसऱ्यांदा शेजारी बसून करून घेतलं, 'गल्फ स्ट्रीम' (१८९९) पण तसंच. त्यात डोलकाठी मोडलेली होडी, भोवती शार्क, हे उजळ करून कसं चालेल?

फ्रेमचं काम मात्र नंबर एक, कोपरे पक्के, मागून बोर्ड नीट सील केलेला. साधी काच घेऊ नका, गडद चित्रात समोरची ट्यूबलाइटच दिसते, थोडे जास्त पैसे देऊन नॉन-रिफ्लेक्टिव्ह घ्या. पाचपैकी साडेतीन स्टार. गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा सगळे बॅनरच्या मागे असतात आणि तुमचं काम कोपऱ्यात पडून राहतं.