छताविना मस्टँग: चासीला बळकटी बोल्टने द्यावी की वेल्डिंगने?

कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या छताच्या, मस्टँगची थरथर आवरायची असं एकदा ठरलं, की सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे गाडीखालच्या पुढच्या आणि मागच्या रेलना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बसवायचे हे ओघाने आलंच. प्रश्न उरतो तो ते बोल्टने बसवायचे की वेल्ड करायचे हा. मला हे अलीकडे वरचेवर विचारलं जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझी गाडी १९६६ ची, २८९ घन इंचांच्या इंजिनची. बोल्टचे कनेक्टर तिला आधीच्या मालकाने बसवले होते आणि ते मी काही पावसाळे वापरले. आता वेल्ड केलेले आहेत. गाडी तीच, रस्ते तेच आणि चालवणाराही तोच, एवढ्या आधारावर बोलतोय. शेव्हेल किंवा जीटीओ अशी त्या काळातली दुसरी अमेरिकन गाडी असेल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. त्यांना बॉडीखाली वेगळी फ्रेम असते, आणि कन्व्हर्टिबलसाठी ती चारी बाजूंनी बंद केलेली येते. तिथे आधी बॉडी माउंटचे, म्हणजे बॉडी आणि फ्रेमच्या मधले, रबर तपासा. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोचं गणित आणखी निराळं, कारण तिची पुढची सबफ्रेम बोल्टने जोडलेली असते. त्या कन्व्हर्टिबलच्या चार कोपऱ्यांत तर कंप मारण्यासाठी वजनाचे डबे बसवून यायचे. थरथर हा कारखान्यालाही पुरता न सुटलेला प्रश्न होता, हे त्यावरून लक्षात यावं.

मस्टँगमध्ये पुढचे रेल, म्हणजे खालचे पोकळ तुळईसारखे पत्रे, पुढच्या सीटखाली संपतात आणि मागचे लीफ स्प्रिंगच्या जरा पुढे सुरू होतात. मधल्या भागात नुसता फ्लोअरचा पत्रा आणि दोन बाजूंचे रॉकर, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे. फोर्डने कन्व्हर्टिबलसाठी रॉकर जाड केले आणि सीटखालच्या फ्लोअरलाही जास्तीचा आधार दिला, पण साठ वर्षांच्या गंजानंतर त्यातलं किती उरलंय हे ज्याचं त्याने वाकून पाहावं. या जास्तीच्या पत्र्यामुळे कूपेचे, म्हणजे पक्क्या छताच्या मस्टँगचे, कनेक्टर इथे सरळ बसत नाहीत. मागवताना कन्व्हर्टिबलचेच मागवा.

गोव्यात चासीची खरी परीक्षा होते ती फेरीबोटीच्या धक्क्यावर. रायबंदरहून चोडणला जाताना ओहोटी असेल तर रॅम्प धक्क्याला तिरका टेकतो. पुढचं एक चाक रॅम्पवर चढतं, दुसरं अजून काँक्रीटवर, आणि त्याच्या तिरकस कोपऱ्यातलं मागचं चाक जवळजवळ अधांतरी. त्या क्षणी अख्खी गाडी पिळली जाते. एका परिचितांच्या गाडीला कनेक्टरच नाहीत. तिच्या ड्रायव्हरच्या दाराची मागची वरची कड अशा पिळात क्वार्टर पॅनलला घासते, आणि नखाएवढ्या जागेत रंग उडून राखाडी प्राइमर दिसायला लागलाय. माझ्या गाडीत हे बोल्टच्या कनेक्टरांवरही झालं नाही आणि वेल्डच्याही नाही. दार घासतं म्हणून कनेक्टर हवे असतील, तर दोन्हींपैकी काहीही चालेल.

आरशात मात्र फरक दिसतो. बोल्टवर असताना पणजी-म्हापसा रस्त्याच्या खडबडीत पट्ट्यात मागच्या स्कूटरचा नंबर वाचता येत नसे. आता बहुतेक वेळा येतो. याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण आरसा काचेच्या चौकटीला जोडलेला असतो आणि काउलची, म्हणजे काचेखालच्या आडव्या पत्र्याची, थरथर पहिली तिथेच उतरते.

बोल्टच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गॅरेजात पेट्रोलजवळ ठिणगी उडवावी लागत नाही. मन बदललं तर काढता येतात. चांगलं ड्रिल आणि धीर असेल तर घरच्या घरी बसवता येतात. शिवाय कायद्याची एक बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची व्याख्या घातली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. वेल्ड केलेला कनेक्टर त्या फेरफारात धरला जाईल का, हे वेल्डर बोलावण्याआधी वाहतूक खात्यात विचारून घेतलेलं बरं. मात्र व्हीए नंबरची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मी माझी गाडी चालवायलाच ठेवली आहे, त्यामुळे मला तो मुद्दा आड आला नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं आणि तेही रास्तच असेल.

आता माझा निर्णय ज्यामुळे झाला ते सांगतो. कुरकुर.

बोल्टचे कनेक्टर बसवून आवळले की गाडी काही आठवडे गप्प असते. मग एक दिवस साळगावच्या गल्लीत गतिरोधक ओलांडताना ड्रायव्हरच्या सीटखालून बारीक ‘कुंईं’ येतं. आधी वाटतं सीटची स्प्रिंग असेल. मग ते प्रत्येक गतिरोधकावर यायला लागतं, आणि आपल्याकडे गतिरोधकांना तोटा नाही. छत खाली असताना इंजिनाच्या आवाजातही ते ऐकू येतं, कारण ते बरोबर कमरेखाली असतं. बोल्ट पुन्हा आवळा, पुन्हा शांतता, पुन्हा काही आठवड्यांनी तेच.

कारण साधं आहे. ब्रॅकेट आणि रेल यांच्यामध्ये रंगाचा, अंडरकोटचा (गाडीखालच्या गंजरोधक लेपाचा) थर असतो. दाबाखाली तो हळूहळू बसतो आणि बोल्टचा ताण उतरतो. फ्लोअरचा पत्रा पातळ, त्यामुळे वॉशरखाली तोही किंचित दबतो. रेल आतून पोकळ, म्हणून आत स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवती आधाराची नळी, न घालता आवळलं तर रेलच चेपतो. ताण उतरला की पत्र्यावर पत्रा केसभर सरकतो, आणि ते सरकणं म्हणजेच ती कुरकुर. मोठे वॉशर, स्लीव्ह, लॉकनट, सांध्यात सीलंट हे सगळं करून पाहिलं. आवाज लांबला, पण गेला नाही.

त्यात आपला पाऊस. वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर, आणि वर खारी हवा. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेलं पाणी तिथून लवकर निघत नाही. पावसाळ्यानंतर ब्रॅकेट उतरवलं तेव्हा त्याच्या आकाराचा तांबूस चौकोन रेलवर उमटला होता. आजूबाजूचा रंग धडधाकट आणि बरोबर सांध्याखाली गंज. वरून काही दिसत नव्हतं. कोरड्या हवेत हेच कनेक्टर कदाचित वर्षानुवर्षं निमूट बसतील. किनारपट्टीवर मला त्यांचा भरवसा वाटेना.

वेल्डिंगचे हाल वेगळे आहेत, तेही लपवत नाही. गाडीचं वजन चारही चाकांवर हवं. टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांच्या, लिफ्टवर टांगून वेल्ड केलं तर कन्व्हर्टिबलची दोन्ही टोकं खाली झुकतात, आणि ती झुकलेली अवस्थाच कायमची पक्की होते. मग दार जन्मभर नीट लागत नाही. चाकं रॅम्पवर, दारं बंद, दारांच्या फटी वर-खाली दोन्हीकडे सारख्या आहेत की नाहीत हे पाहूनच पहिला टाका. टाके बोटाच्या पेराएवढे, डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलेला टाका पत्रा वाकवतो. कार्पेट आणि सीट बाहेर, बॅटरी सोडवलेली. पेट्रोलची टाकीही उतरवायची, कारण या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा फ्लोअर असतो. फोंड्याच्या ज्या वेल्डरने माझं काम केलं, तो एका हाताने टाका मारायचा आणि त्याचा मदतनीस ओलं गोणपाट घेऊन आत बसलेला असायचा. असा माणूस मिळणार नसेल तर बोल्टच बरे, असं मी मनापासून सांगेन. कुरकुर सहन होते, वाकडी चासी होत नाही.

दुसरी अडचण आतल्या गंजाची. वेल्डच्या उष्णतेने रेलच्या आतलं रंगाचं अस्तर जळतं, आणि तिथे पुन्हा ब्रश पोचत नाही. यावर उपाय एकच: नळीने आत मेण फवारायचं, पाणी निघून जायची भोकं उघडी ठेवायची, आणि दर वर्षी पावसाआधी पुन्हा फवारायचं. एवढं केलं की सांधा बंद, फट नाही, सरकायला जागा नाही. माझ्या गाडीत त्या दिवसापासून सीटखालून आवाज आलेला नाही.

कोणतेही कनेक्टर घेतलेत तरी इंजिनच्या खणातले दोन आधार, एक्सपोर्ट ब्रेस आणि माँटे कार्लो बार, लावाच. या गाडीची कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि सगळा भार शॉक टॉवरवर, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पत्र्यांच्या खांबांवर, येतो, म्हणून टॉवर वर्षानुवर्षं आत कलत जातात. बार सहज बसत नसेल तर टॉवर आधीच आत आलेत असं समजा, आणि कनेक्टरांना हात लावण्याआधी ते सरळ करून घ्या.

वेल्डिंगच करायचं ठरलं तर काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. जूनमध्ये उघडा घासलेला पत्रा रात्रीतून तांबडा पडतो, आणि प्राइमर त्या गंजावर बसतो.