‘अल-अरबिय्या बैना यदैक’ (भाग पहिला): मदरशाच्या वर्गात काही महिने वापरल्यानंतर

‘हिदायतुन्नह्व’ हे अरबी व्याकरणाचं पुस्तक संपवलेल्या मुलाला एराबचे (शब्दाच्या शेवटच्या स्वरबदलाचे) नियम पाठ असतात, पण पाणी कुठे मिळेल हे अरबीत विचारताना तो अडखळतो. सगळी अरबी उर्दू तर्जुम्यातून (भाषांतरातून) शिकलेला असतो ना! अशा मुलांसाठी रियाधची ही अरबी शिकवणारी पुस्तकमालिका फार कामाची आहे.

पहिल्या भागात 16 घटक, प्रत्येकात तीन संवाद. ओळख, घर, जेवण, खरेदी यांच्या जोडीला नमाज आणि हज-उमराही आहेत, त्यामुळे मुलं लगेच रमतात. पुस्तक पूर्ण अरबीत आहे. उस्तादांनी उर्दूत अर्थ सांगायला सुरुवात केली, की तास पुन्हा तर्जुम्याचा होतो. चित्र, हावभाव, समोरची वस्तू यांवरच भागवावं.

45 मिनिटांचा तास असा लावावा: पुस्तक मिटून संवाद दोनदा ऐकवायचा, तिसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबून सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, मग पुस्तक उघडायचं. शेवटची 20 मिनिटं जोड्यांची. नाव, जागा, वेळ बदलून तोच संवाद, दर तीन मिनिटांनी जोडीदार नवा. गोंगाट होतो, होऊ द्यावा. एकेकाला उभं करून बोलायला लावलं तर बाकीचा वर्ग गप्प बसून राहतो.

उच्चारांचं मात्र नवल वाटतं. तिलावतीत (कुराणपठणात) ऐन, दाद ही अरबी अक्षरं अचूक काढणारा मुलगा गप्पा मारताना ऐन गाळतो आणि दादचा ‘ज़’ करतो. तजवीद (कुराणपठणातले उच्चारनियम) शिकवणारे कारीसाहेब आठवड्यातून एकदा तासाला बसले की फरक पडतो. दुसरी अडचण एराबचीच: प्रत्येक शब्दाचा शेवट तपासत बोललं की वाक्य पुढे सरकत नाही. थांबताना सुकून (शेवटचा स्वर न उच्चारणं) चालतो हे सांगावं, वक्फ (पठणात थांबण्याची रीत) त्यांना ठाऊकच असतो. ‘सलासतु कुतुब’ (तीन पुस्तकं) आणि ‘सलासु सय्यारात’ (तीन गाड्या) यांत अंकाचं रूप नामाच्या लिंगाच्या उलट असतं, ती गफलत बराच काळ टिकते. मध्येच टोकू नये. चार-पाच चुका टिपून शेवटी फळ्यावर घ्याव्यात.

वसतिगृहात उर्दू बोलल्याबद्दल दंड लावू नये, मुलं बोलणंच टाकतात. रात्रीच्या जेवणापुरती अरबी ठरवावी आणि तिथे एक उस्ताद हजर असावेत, नाहीतर मुलं एकमेकांच्याच चुका उचलतात.

या पुस्तकात फुसहा (प्रमाण अरबी) आहे. आखाती बाजारातली बोली वेगळी शिकावी लागेल. आणि वार्षिक परीक्षेत तोंडीला निदान 20 गुण ठेवाच. गुण नसले की किताबांच्या ओझ्याखाली मुलं हा तास सर्वात आधी सोडतात.