टेलिकास्टरसाठी कॉम्पेन्सेटेड पितळी सॅडल: खरा फायदा मधल्या सॅडलचा

टेलिकास्टर या फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या जुन्या घडणीच्या ब्रिजवर सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते धातूचे तुकडे, तीन आणि तारा सहा (जाड ते बारीक: ई, ए, डी, जी, बी, ई). दोन-दोन तारांना मिळून एकच लांबी वाट्याला येते. जोडीतली एक तार बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, सुरात आणली की दुसरी चढते नाहीतर उतरते. कॉम्पेन्सेटेड, म्हणजे जोडीतल्या दोन तारांना वेगवेगळी लांबी देणाऱ्या, पितळी सॅडलचा संच ब्रिजची प्लेट न बदलता आणि लाकडाला एकही नवं भोक न पाडता हे दुखणं बरंच कमी करतो. साधी, म्हणजे वरून दुसरी तार न गुंडाळलेली ‘जी’ तार लावणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. गुंडाळलेली जी लावणाऱ्याने मात्र थोडं थांबून विचार करावा.

१९५० साली हे गिटार बाजारात आलं तेव्हा ‘जी’ तार गुंडाळलेलीच असायची, तारा जाड असायच्या, आणि तीन सॅडलची तडजोड त्या काळच्या तारांवर फारशी खटकत नसे. पुढे हलक्या गेजचे (बारीक जाडीचे) संच आणि साधी जी रूढ झाली आणि मधल्या जोडीचं गणित उलटलं. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. शिवाय तारेला स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे टोकांजवळचा थोडा भाग मोकळेपणाने कंप पावत नाही. या दोन्ही गोष्टी तारेच्या एकूण जाडीपेक्षा आतल्या गाभ्याच्या जाडीवर जास्त ठरतात. १०-४६ च्या (सर्वात बारीक तार ०.०१०, सर्वात जाड ०.०४६ इंच) संचात ‘जी’ ०.०१७ इंचाची सलग पोलादी तार असते. डी दिसायला जाड, ०.०२६, पण तिचा गाभा जीपेक्षा बारीक असतो. म्हणून जीला सॅडल मागे हवं, डीला पुढे. सहा सॅडलच्या कोणत्याही नीट लावलेल्या ब्रिजकडे पाहा: बारीक ईपासून जीपर्यंत पायऱ्या मागे मागे जातात, डीला एकदम उडी मारून पुढे येतात, आणि तिथून जाड्या ईपर्यंत पुन्हा मागे सरकतात.

यातला मिलिमीटर आणि सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) हिशोब एकदा डोक्यात बसला की अंदाजपंचे स्क्रू पिळणं थांबतं. टेलिकास्टरची स्केल, म्हणजे तारेची मूळ लांबी, ६४८ मिमी. सॅडल १ मिमी मागे नेऊन मोकळी तार पुन्हा सुरात लावली की बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या तुलनेत सुमारे २.७ सेंट उतरतो. म्हणजे १ सेंटला ०.३७ मिमी. डी आणि जी यांच्या गरजेत २ मिमीचा फरक असेल, तर सरळ सॅडलवर पाच सेंटहून थोडी जास्त चूक उरते. ती दोघींत वाटली तर एक अडीच सेंट चढी, दुसरी अडीच सेंट उतरी. एकेकटी ऐकताना हे चालून जातं. बाराव्या फ्रेटच्या आसपास डी आणि जी एकत्र वाजवल्या की त्यांच्यातला पाच सेंटचा फरक लगेच कानाला लागतो, आणि अॅम्पचा गेन वाढवून आवाज फाटका केला की आणखीच. बाहेरच्या दोन जोड्यांत फरक सहसा याहून कमी असतो. म्हणूनच या संचाची खरी किंमत मधल्या सॅडलमध्ये वसूल होते. सुटं मधलं सॅडल मिळत असेल आणि आटे जुळत असतील, तर तेवढं एक बदलूनही बरंचसं काम भागतं.

बाजारात मुख्यतः तीन घडणी दिसतात. पहिलीत सॅडलमधलं लांबीच्या स्क्रूचं छिद्र तिरकं पाडलेलं असतं, त्यामुळे सॅडलची नळी प्लेटवर कलती बसते. दुसरीत नळी सरळ राहते, पण तिच्या माथ्यावर दोन तारांसाठी दोन वेगळ्या जागी कडा काढलेल्या असतात. तिसरीत सॅडल हवं तेवढं वळवून बारीक ग्रब (बिनडोक्याच्या) स्क्रूने आवळता येतं. आमची पसंती पहिलीला. गोल माथा तसाच राहतो, तारांमधलं अंतर हाताने सरकवून जुळवता येतं, आणि तारा बदलायचं ठरलं तर सॅडल उलटं करून कलही उलटता येतो. कडा काढलेला प्रकार दिसायला नीटस आणि तळहाताखाली सरळ लागतो, पण त्यातला फरक कारखान्यात कायमचा ठरलेला असतो. वळणारा प्रकार कागदावर सर्वात चांगला. प्रत्यक्षात ग्रब स्क्रू किंचित ढिला राहिला तरी मधल्या जोडीत खरखर येते आणि तिचं मूळ शोधण्यात वेळ जातो.

घेण्याआधी स्क्रूचे आटे तपासणं फार महत्त्वाचं. मेट्रिक एम३ आणि इंचातले आटे डोळ्यांना सारखेच भासतात. पोलादी स्क्रू जबरदस्तीने फिरवला की पितळेतले आटे सोलले जातात आणि सॅडल वाया जातं. संचासोबत आलेले स्क्रूच वापरावेत. एम३ चा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.५ मिमी, साधारण १.३ सेंट. ६-३२ या इंचातल्या आट्याचा एक फेरा ०.८ मिमीच्या जवळ, दोन सेंटहून किंचित जास्त. उंचीच्या ग्रब स्क्रूची लांबीही पाहावी: लांब असतील तर टोकं वर येऊन तळहाताला टोचतात, आखूड असतील तर नेकचा कोन जास्त असलेल्या गिटारवर सॅडल पुरेसं वर येत नाही.

बसवताना सर्वात जास्त होणारी चूक दिशेची. गिटार मांडीवर आडवं ठेवून पाहा: जाड्या ईची बाजू एपेक्षा मागे, बीची बाजू बारीक ईपेक्षा मागे, आणि मधल्यात जीची बाजू डीपेक्षा मागे. म्हणजे बाहेरची दोन सॅडल एकाच बाजूला कलतात आणि मधलं त्यांच्या उलट. तिन्ही एकाच दिशेला कललेली दिसली तर मधलं चुकलं आहे, आणि तसं ठेवलं तर सरळ सॅडलपेक्षाही वाईट निकाल मिळतो.

इंटोनेशनचा, म्हणजे फ्रेटवरचे सूर मोकळ्या तारेशी जुळवणारा, स्क्रू सर्वात शेवटी हातात घ्यायचा. आधी नव्या तारा. गंजलेल्या किंवा फ्रेटखाली झिजलेल्या तारेचं इंटोनेशन लावणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. मग नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटपाशी ०.२५ मिमीच्या आसपास फट. मग सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिमीच्या जवळ. एका नळीवर दोन तारा असल्याने नळीच्या दोन ग्रब स्क्रूंनी फिंगरबोर्डच्या गोलाईशी कल जुळवावा लागतो. जुन्या ७.२५ इंचाच्या गोलाईवर बाहेरच्या नळ्या चांगल्याच तिरप्या दिसतील, ते बरोबरच आहे. पिकअपही (तारांचा कंप टिपणारा, तारांखालचा चुंबकाचा भाग) तपासा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जुन्या घडणीच्या पिकअपच्या चुंबकापासून जाड्या बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी अंतर ठीक. चुंबक फार जवळ आला की तो तार ओढतो, सूर डुगडुगतो आणि ट्यूनर एका जागी थांबत नाही. अशा वेळी सॅडल कितीही हलवा, उपयोग नाही.

यानंतर सॅडल. बारीक ईचा स्पर्शबिंदू नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ६५० मिमीच्या जरा अलीकडे-पलीकडे ठेवून सुरुवात करावी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. बोटाचा दाब वाजवताना असतो तेवढाच हवा आणि गिटार वाजवण्याच्या स्थितीत धरलेलं हवं. टेबलावर आडवं ठेवलं की नेक वेगळा वागतो. स्क्रू फिरवण्याआधी दोन्ही तारा थोड्या सैल कराव्यात, आणि दर वेळी पुन्हा सुरात लावून सॅडलच्या लगेच पुढे तार बोटाने खाली दाबावी. तार सॅडलवरून कमानीसारखी उतरत राहिली तर आकडा फसवा येतो. ०.१ सेंट दाखवणारा स्ट्रोब ट्यूनर असेल तर काम निम्म्या वेळात होतं. साध्या क्लिप ट्यूनरवर एक-दोन सेंटचा फरक नीट वाचताच येत नाही, आणि हा संच लावूनही उरणारी चूक नेमकी तेवढीच असते.

जोडीतला उरलेला फरक कोणाच्या पदरात टाकायचा? मधल्या जोडीत जी नेमकी ठेवावी आणि डीला एखादा सेंट सोसू द्यावा, कारण कॉर्डमध्ये साधी जीच आधी बेसूर लागते. खालच्या जोडीत जाड्या ईपेक्षा ए सांभाळावी. जाडी ई मागे नेताना स्प्रिंग पूर्ण दबून स्क्रू अडला, तर दोन वेटोळी कापून टाकावीत. स्क्रूवर जोर देऊ नये.

आवाजाबद्दल जाहिरातींत बरंच बोललं जातं. पोलादी सॅडलवरून पितळीवर आल्यावर वरच्या पट्टीची धार किंचित मऊ होते, एवढंच. केवळ त्यासाठी हा संच घेऊ नये. पितळ मऊ असल्याने गुंडाळलेल्या तारांखाली कालांतराने खाचा पडतात. त्या खोल झाल्या की तार अडकते आणि बेंडनंतर (बोटाने ओढून सूर चढवल्यावर) सुरात परत येत नाही. बारीक सॅंडपेपरने माथा पुन्हा गोल करता येतो.

पहिल्या तीन फ्रेटवरच सूर चढे येत असतील आणि बारावा फ्रेट बरोबर असेल, तर दोष नटच्या उथळ खाचांचा आहे. सॅडलने तो जाणार नाही. ई मेजर कॉर्डमधला जी शार्प कानाला चढा वाटतो, तोही सॅडलचा दोष नव्हे. समान विभागणीच्या सप्तकात मेजर थर्ड (इथे ई ते जी शार्प हे अंतर) शुद्ध अंतरापेक्षा जवळपास १४ सेंट रुंदच असतो.

गुंडाळलेली जी लावणाऱ्यांनी फक्त तिरक्या छिद्राचा संच घ्यावा आणि मधलं सॅडल उलटं बसवून पाहावं. वरच्या फ्रेटांवर दोन-तीन तारांचे सूर एकत्र, स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्यांना, किंवा दर महिन्याला गेज बदलणाऱ्यांना मात्र एकेका तारेसाठी वेगळं सॅडल असलेला सहा सॅडलचा ब्रिजच लागेल.